रस्त्याकडेचे तणनाशक शेवटी जाते कुठे?



पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या गावच्या रस्त्याची कड एकदा नीट न्याहाळून पाहा. मध्ये उंचावर डांबर, दोन्ही अंगांना मुरमाची पट्टी, पट्टीच्या खाली नाली आणि नालीला लागून कुणाची तरी धानाची बांधी. रस्त्यावर पडलेले पाणी मुरमावरून नालीत उतरते, नाली तुंबली की बांधीत शिरते, एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जाते आणि शेवटी नाल्याला किंवा तलावाला मिळते. कोहमारा, देवरीकडून जाणारा मुंबई-कोलकाता महामार्ग असो की तिरोडा, गोरेगाव, सालेकशातील लहानसा गावरस्ता असो, पाण्याची वाट बहुधा हीच.

अलीकडे ह्या कडेचे गवत विळ्याने न कापता पंपाने मारण्याची चाल वाढली आहे. रस्त्याची कड, पांदण, शेताचा धुरा, कुठेही गवत माजले की तणनाशक आणायचे आणि फवारायचे. मजूर मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, ही अडचण खोटी नाही. तेव्हा फवारणाऱ्याला दोष देण्यासाठी हा लेख नाही. परंतु फवारणी झाल्यावर चार दिवसांनी पाऊस आला, तर ते औषध कडेवरच राहते की आपल्या बांधीत आणि तलावात येते, हे प्रत्येक घराला ठाऊक असायला हवे. कारण कड सरकारची असली तरी तिच्यावरून येणारे पाणी आपले आहे.

मातीत पडले की संपले?

"तणनाशक मातीत पडले की मेले," असे पुष्कळ जण सांगतात. ह्यात अर्धे सत्य आहे. ग्लायफोसेट फवारणाऱ्यांना एक अनुभव असतो. नाल्याचे गढूळ पाणी पंपात भरले तर औषध नीट लागत नाही, गवत पिवळे पडून पुन्हा हिरवे होते. म्हणूनच औषध स्वच्छ पाण्यातच कालवावे असे सांगितले जाते. गढूळ पाण्यातील मातीचे बारीक कण औषधाला धरून ठेवतात आणि मग ते गवताच्या कामाला येत नाही.

मातीच्या अंगी हा धरून ठेवण्याचा गुण असतो. चिकणमातीचा कण इतका बारीक असतो की डोळ्यांना दिसत नाही, पण अशा असंख्य कणांची मिळून बाहेरची बाजू फार मोठी होते. तिच्यावर औषध चिकटते. काही औषधे चिकणमातीला धरतात, काही मातीतील लोह व अल्युमिनियमला धरतात, तर काही कुजलेल्या शेणखताच्या, पालापाचोळ्याच्या काळ्या अंशाला धरतात. पॅराक्वाट चिकणमातीला इतके घट्ट बसते की सहजासहजी सुटत नाही. ग्लायफोसेट लोह असलेल्या मातीला चांगले धरते.

आता उरलेले अर्धे सत्य पाहा. धरून ठेवले म्हणजे मेले असे नव्हे. गाय खुंट्याला बांधली म्हणजे ती जागची हलत नाही. पण खुंटाच उपटून निघाला तर गाय खुंट्यासकट जाते. इथे औषध म्हणजे गाय आणि मातीचा कण म्हणजे खुंटा. पावसाने माती वाहून नेली की तिला चिकटलेले औषधही त्याच वाटेने निघते.

घरी करून पाहा

ही गोष्ट मुलांनाही दाखविता येईल. जखमेवर लावायचे जांभळे औषध, म्हणजे जेन्शन व्हायोलेट, औषधाच्या दुकानात मिळते. काचेच्या दोन पेल्यांत पाणी घ्या आणि प्रत्येकात त्याचे तीन-चार थेंब टाका. दोन्ही पाणी जांभळे होईल. एका पेल्यात दोन चमचे धुतलेली नदीची रेती टाका, दुसऱ्यात दोन चमचे कुटलेली काळी चिकणमाती टाका. दोन्ही चांगले ढवळा आणि रात्रभर निवळू द्या.

सकाळी रेतीच्या पेल्यातील पाणी बरेचसे जांभळेच दिसेल. चिकणमातीच्या पेल्यातील वरचे पाणी मात्र जवळजवळ बिनरंगाचे झालेले असेल, कारण रंग मातीने धरला. आता तोच पेला पुन्हा ढवळून गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. माती गेली तिथे तिने धरलेला रंगही गेला! पॅराक्वाट मातीला धरते ते जवळपास ह्याच रीतीने.

ह्याउलट मीठ घ्या. मिठाचे पाणी मातीतून गाळले तरी खारटपणा राहतो, कारण मीठ असे धरले जात नाही. तणनाशकांतही अशा दोन प्रकृती आहेत. (प्रयोगाचे पेले स्वयंपाकाला पुन्हा वापरू नका आणि लहान मुलांना एकटे करू देऊ नका.)

दोन प्रकृतीची औषधे

पहिली प्रकृती मातीला धरून राहणाऱ्यांची. पॅराक्वाट, ग्लायफोसेट आणि पेंडीमेथॅलिन ही त्यातली. ही जमिनीत खोल सहसा उतरत नाहीत, म्हणून विहिरीच्या पाण्यात झिरपण्याचे भय कमी. पण माती धुपली तर गाळाबरोबर जातात. शिवाय ग्लायफोसेट पाण्यात चांगले विरघळणारे आहे. फवारणी होऊन मातीने धरण्याआधीच जोराची सर आली तर ते पाण्याबरोबरही निघते.

दुसरी प्रकृती मातीला फारसे न धरणाऱ्यांची. २,४-डी आणि अ‍ॅट्राझिन ही त्यातली माहितीची नावे. पाणी वाहिले की ही पाण्यात विरघळून वाहतात, पाणी मुरले की खाली उतरतात. अ‍ॅट्राझिन भूजलात उतरते ह्या काळजीने युरोपीय संघाने २००४ मध्ये त्याचा परवाना पुढे चालू ठेवला नाही. २,४-डी ओलसर, उबदार जमिनीत साधारण एक-दोन आठवड्यांत निम्म्याहून कमी होते. तेवढा अवधी मिळाला तर ठीक, पण त्याआधी पाऊस आला तर ते चालू लागते.

ह्यावरून एक खूण ध्यानात ठेवा. कडेवरून लाल, गढूळ पाणी येत असेल तर पहिल्या प्रकृतीचे औषध येण्याची शक्यता असते. पण नितळ पाणी आले म्हणून निर्धास्त होऊ नका. दुसऱ्या प्रकृतीचे औषध नितळ पाण्यातूनही येते आणि डोळ्यांना दिसत नाही.

मग माती धरते ह्याचा उपयोग काय? उपयोग वेळेचा आहे. मातीत कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात आणि ते औषध मोडून खातात. माती जागेवर राहिली तर त्यांना सवड मिळते. ग्लायफोसेट मोडायला काही आठवड्यांपासून काही महिने लागतात. पॅराक्वाट मात्र मातीला घट्ट बसल्यामुळे ह्या जीवांच्या तोंडी लवकर लागत नाही आणि वर्षानुवर्षे राहू शकते. थोडक्यात, माती जागेवर राहिली तर ती औषधाची कोठडी होते, आणि माती निघाली तर तीच औषधाची गाडी होते.

कड म्हणजे शेत नव्हे

शेतात फवारलेले औषध आणि कडेवर फवारलेले औषध ह्यांत मोठा फरक आहे. शेतात मऊ माती असते, शेणखत असते, चारही बाजूंना धुरे असतात. बांधीतले पाणी तर आपण मुद्दाम अडवूनच ठेवतो. रस्त्याच्या कडेला ह्यातले काहीच नसते. डांबरावर पडलेला फवारा धरायला मातीच नाही. पहिल्या सरीला तो धुऊन निघतो. मुरमाची पट्टी दाबून कठीण केलेली असते, तिच्यात पाणी मुरत नाही, उतारावरून वेगाने पळते. मुरमात खडे जास्त आणि धरून ठेवणारा बारीक अंश थोडा, आणि पहिल्या पावसात धुपतो तो नेमका हाच बारीक लाल अंश. म्हणजे खुंटे थोडे, आणि तेही भुसभुशीत जमिनीत रोवलेले!

परदेशात ह्याचा प्रत्यक्ष अभ्यास झाला आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १९९९-२००० मध्ये ओरेगॉन राज्याच्या पश्चिम भागात रस्त्याच्या कडा तपासल्या. पावसाबरोबर कडेवरून उतरणाऱ्या पाण्यात फवारलेली तणनाशके सापडली. कॅलिफोर्नियातील महामार्गांच्या कडांवर डेव्हिस येथील विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी काम केले, ते २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच कडेवरून वेगवेगळी औषधे वेगवेगळ्या प्रमाणात वाहतात, आणि औषध मातीच्या कणाला किती धरते ह्याचा त्यात मोठा हात असतो, असे त्यातून दिसले. तिकडचा पाऊस आणि आपला पाऊस सारखा नाही. गोंदिया जिल्ह्यात वर्षाला साधारण १,२०० ते १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. तेव्हा कडेची माती धरून ठेवण्याची गरज आपल्याला अधिकच आहे.

"मग उन्हाळ्यातच फवारून टाकू, पावसाची भीती नको," असे कोणी म्हणेल. तेही सोयीचे नाही. ग्लायफोसेटसारखे औषध हिरव्या, वाढत्या गवताच्या पानांतून मुळांपर्यंत जाते. वाळलेल्या गवताला ते लागत नाही. शिवाय कोरड्या मातीत सूक्ष्म जीवांचे काम मंदावते. म्हणजे वैशाखात कडेवर पडलेले औषध पुष्कळसे तसेच पडून राहते आणि मृगाच्या पहिल्या सरीची वाट पाहते.

आणि सर्वांत मोठी गोष्ट पुढेच आहे. फवारणीने आपण मारतो काय? गवत. आणि कडेची माती धरून कोण ठेवते? तेच गवत! हराळीची मुळे जाळ्यासारखी पसरून मुरूम बांधून ठेवतात. ती मेली की कड उघडी पडते, घळी पडतात, मुरूम नालीत येतो, नाली बुजते आणि पाणी बांधीत शिरते. औषध मातीला बांधायचे आणि माती बांधून ठेवणारे गवतच मारायचे, हा उलटा व्यवहार झाला.

आपल्या मातीचा गुण

आपल्या भागात मातीची नावे आजोबा-पणजोबांपासून चालत आली आहेत. काळी, चिकट कन्हार औषध चांगले धरते, पण तिचा बारीक गाळ पाण्यात तरंगत दूर जातो आणि लवकर बसत नाही. मोरांड मधल्या गुणाची. शिहार हलकी, रेतीचा अंश जास्त, म्हणून तिची धरण्याची ताकद कमी आणि झिरपणे जास्त. बर्डी तर खड्यांची, उतारावरची. तिथे पाणी थांबतच नाही. बर्डीवरून रस्ता उतरत असेल आणि खाली विहीर किंवा बोडी असेल, तर त्या कडेवर पंप न नेलेलाच बरा.

नुकसान कोणाचे?

पाऊस भरपूर असला म्हणजे औषध पातळ होते हे खरे. एका फवारणीने तलाव विषारी होतो असे कोणी समजू नये. पण बोडी, नालीचे डबके, पऱ्ह्यांची वाफ ही लहान ठिकाणे आहेत, आणि पहिल्या पावसात पाणी थोडे व गाळ जास्त असतो. शिवाय दरवर्षी, प्रत्येक गावाच्या कडेवरून थोडे थोडे आले तर ते जाणार कुठे? खालच्या तलावातच.

पूर्व विदर्भाच्या चार जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून ते बांधले. नवेगावबांधचा तलाव त्यातलाच. मालगुजारी १९५१ मध्ये गेली तरी तलाव राहिले आणि आजही धानाला, गुरांना आणि ढीवर बांधवांच्या मासेमारीला तेच आधार आहेत. ह्या तलावांत गाळ भरला ही आपली जुनी तक्रार आहे. त्या गाळात रस्त्याच्या कडेची मातीही असते, आणि मातीबरोबर तिला चिकटलेले सगळे असते.

तणनाशक गवतासाठी असले तरी पाण्यातल्या वनस्पतींनाही ते ओळखते. मासे ज्या पाणवनस्पतींत अंडी घालतात, लपतात, त्यांना त्याचा त्रास होतो. ग्लायफोसेटच्या काही बाटल्यांत औषध पानावर पसरावे म्हणून साबणासारखा पदार्थ मिसळलेला असतो. बेडकांच्या पिल्लांना आणि लहान माशांना मूळ औषधापेक्षा तोच अधिक बाधतो. बेडूक कमी झाले की धानावरचे किडे खाणारा एक सोबती कमी होतो.

घरातल्या बायामाणसांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पावसाच्या सुरुवातीला कडेचा कोवळा तरोटा आपण भाजीसाठी खुडतो. बकऱ्या आणि गाई त्याच कडेला चरतात. फवारलेल्या गवताची पाने पिवळी पडायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर ती हिरवीच दिसतात. कुठे फवारले हे माहीत नसेल तर भाजी खुडणार कशी आणि बकऱ्या चारणार कशा?

राहिली धुऱ्यावरची तूर. २,४-डी हे रुंद पानांच्या झाडांना मारते. वाऱ्याच्या दिवशी कडेला फवारले तर त्याचे तुषार तुरीवर येतात, शेंडे मुरडतात. पावसाने वाहण्याच्या आधीच हे नुकसान होऊन जाते.

मग करावे काय?

१. कडेचे गवत मारू नका, कापा. मुळे जमिनीत राहू द्या. कापलेले गवत गुरांना किंवा खताच्या खड्ड्यात जाईल. नाली साफ करतानाही गाळ तेवढा काढावा, काठ खरवडून उघडे करू नयेत.

२. गाजरगवत हा वेगळा शत्रू आहे. ते फुलावर येण्याआधी, पावसाने जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. उघड्या हातांनी उपटल्यास अंगाला खाज व पुरळ येते. उपटलेल्या जागी पावसाच्या आधी तरोट्याचे बी फेकावे. तरोटा दाट उगवून गाजरगवताला दाबतो आणि भाजीही देतो. तणांवर संशोधन करणारी देशाची संस्था आपल्या शेजारीच जबलपूरला १९८९ पासून आहे. गाजरगवताच्या निर्मूलनासाठी ती दरवर्षी ऑगस्टमध्ये जागृती सप्ताह पाळते.

३. कड आणि बांधी ह्यांच्यामध्ये पाच-सहा हात रुंद गवताचा पट्टा राखा. जागा नसेल तर निदान धुऱ्यावर हराळी किंवा वाळ्याची ओळ लावा. गवतात पाण्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो आणि थोडे पाणी मुरते. मातीला चिकटलेले औषध त्यामुळे बरेचसे तिथेच अडते. विरघळलेले औषध त्या मानाने कमी अडते, म्हणून पट्टा आहे म्हणून वाटेल ते फवारावे असे नव्हे.

४. फवारल्याशिवाय गत्यंतरच नसेल तर आकाश पाहा. दोन-चार दिवसांत पाऊस दिसत असेल तर थांबा. वारा असेल तर थांबा. नालीत, डांबरावर, विहीर-बोडीच्या काठावर फवारू नका. सगळी कड न भिजविता जिथे गरज तिथेच मारा आणि लेबलावर दिलेल्या मात्रेपेक्षा थेंबही जास्त नको.

५. पंप नाल्यात किंवा तलावात धुऊ नका. कडेवरून पावसाने यायला जे दिवस लागतील ते एका धुण्यात पाण्यात जाते. रिकाम्या डब्यांत पाणी, तेल, बियाणे काही ठेवू नका.

६. पॅराक्वाट घरात असेल तर कुलपात ठेवा. ते पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात ग्लायफोसेटला मंजुरी मिळाली ती चहाचे मळे आणि पीक नसलेल्या जागा एवढ्यापुरती. धान, कापूस, तूर ह्या पिकांसाठी ती नव्हती. २१ ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून, ग्लायफोसेटची फवारणी प्रशिक्षित व परवानाधारक कीड नियंत्रकांखेरीज इतरांनी करू नये असे ठरविले. तेव्हा कोणी "रस्त्याची कड आहे, पीक नाही, मारा बिनधास्त" म्हणाला, तर आधी आपल्या कृषी सहायकाला किंवा हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्राला विचारा.

कड कोणाची आहे हेही जाणून घ्या. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे, काही जिल्हा परिषदेचे, काही ग्रामपंचायतीचे. कडेवर फवारणी करायची असल्यास आधी दवंडी द्यावी, तारीख व औषधाचे नाव फलकावर लिहावे, तलावाच्या येव्याजवळ आणि विहिरीजवळ मुळीच फवारू नये, एवढा ठराव ग्रामसभेत सहज करता येईल. ढीवर बांधव, गुराखी आणि भाजी खुडणाऱ्या बाया ह्यांना त्या सभेत आवर्जून बोलवा. पाणी, चारा आणि भाजी ह्यांच्याशी त्यांचा रोजचा संबंध आहे.

बंधू-भगिनींनो, धुरा नीट ठेवणे हे धान पिकविणाऱ्याला शिकवावे लागत नाही. धुरा फुटला तर बांधीचे पाणी जाते, हे लहान पोरालाही कळते. रस्त्याची कड हासुद्धा आपल्या शिवाराचा एक धुराच आहे. त्याच्यावरची हराळी जिवंत राहिली तर माती जागेवर राहील, आणि माती राहिली तर तिने धरलेलेही तिथेच राहून हळूहळू जिरेल. यंदा रोहिणी लागण्यापूर्वी आपल्या बांधीला लागून असलेल्या कडेवर एक फेरी मारा, कुठे उघडी पडली आहे ते पाहा आणि तिथे हराळीचे ठोंब टोचून या.